बोरिवली ते मुलुंड, व्हाया दादर

मुंबईचा नकाशा समोर धरा आणि एक बोट बोरिवली स्टेशनावर, दुसरं मुलुंड स्टेशनावर ठेवा. दोन्ही एकाच महापालिकेतली, एकाच जिल्ह्यातली उपनगरं. सरळ रेषेत मोजलं तर मधलं अंतर बारा किलोमीटरच्या आसपास भरतं. आता हाच प्रवास लोकलने करायचा म्हटलं, तर बोरिवलीहून दक्षिणेला दादरपर्यंत यायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरायचं आणि तिथून पुन्हा उत्तरेला मुलुंड गाठायचं. हे अंतर होतं साधारण सेहेचाळीस किलोमीटर. पक्ष्याला जे अंतर बारा, ते माणसाला सेहेचाळीस!

मुंबईत पहिल्यांदा येणारा माणूस राहायची जागा शोधतो तेव्हा त्याच्या मोबाइलवरचा नकाशा त्याला पक्ष्याचं अंतर दाखवत असतो. ‘इथून जवळच आहे की’ असं म्हणून तो खोली ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळतं की या शहरात ‘जवळ’ काय आणि ‘लांब’ काय, हे ठरवणारी गोष्ट वेगळीच आहे. ती गोष्ट इतकी विलक्षण आहे की जागा शोधायची नसली तरी समजून घ्यावी.

बोरिवली आणि मुलुंडच्या मधे जंगल आहे. बाग नव्हे, खरंखुरं जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र १०४ चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे आणि त्यात बिबटे राहतात. लाव्हारसातून घडलेल्या काळ्या दगडाचे हे डोंगर साष्टी बेटाच्या ऐन मध्यावर उभे आहेत. विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांत, १८६० आणि १८७९ साली बांधून झालेले, आणि शहर आजही त्यांचं पाणी पितं. डोंगरांच्या पश्चिमेला अंधेरी, गोरेगाव, बोरिवली. पूर्वेला घाटकोपर, भांडुप, मुलुंड. शहर वाढत गेलं ते या डोंगरांच्या दोन्ही अंगांनी, आणि दोन्ही अंगांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास खोदायला सुरुवात झाली आणि काम कित्येक शतकं चाललं. मुंबईच्या उपनगरांत बाहेरगावच्या माणसांची राहायची सोय कधीपासून होते, याचं उत्तर मला इथे सापडतं. कारण कान्हेरीतली बहुतेक लेणी म्हणजे विहार, भिक्षूंच्या राहायच्या खोल्या. पावसाळ्यात भिक्षूंनी फिरणं थांबवायचं आणि एका जागी वर्षावास करायचा, असा नियम होता. आत शिरलं की भिंतीलगत झोपायला दगडी ओटा दिसतो. बाहेर पुढच्या बाजूला बसायची जागा, आणि दाराशेजारी पाण्याचं टाकं. डोंगरावरून वाहणारं पावसाचं पाणी त्या टाक्यात आणून सोडण्यासाठी खडकात बोटभर खोलीच्या चरी कोरलेल्या आहेत. त्या चरींवरून हात फिरवला की कळतं, जागा निवडणाऱ्याने किती बारकाईने विचार केला होता. भिंतींवरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं आहेत: सोपारा, कल्याण, चौल, नाशिक. बंदरं आणि घाटरस्ते यांच्या अधेमधे, व्यापाऱ्यांच्या वाटेपासून फार दूर नाही आणि गजबजाटात तर मुळीच नाही, अशी ही जागा. पाणी, वाट आणि शांतता या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. आज अंधेरीत खोली शोधणारासुद्धा याच तीन गोष्टी पाहतो.

डोंगरांनी अर्धं काम केलं. उरलेलं अर्धं केलं रेल्वेने.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, हे आपण शाळेत शिकलो. ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. या कंपनीला घाट चढून दख्खनेत जायचं होतं, तिकडचा कापूस बंदरात आणायचा होता. म्हणून तिचा रस्ता डोंगराच्या पूर्वेने, आजच्या घाटकोपर-मुलुंडवरून गेला. दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया. ती गुजरातकडून आली, म्हणून डोंगराच्या पश्चिमेने. १२ एप्रिल १८६७ रोजी तिने विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल सोडली. दोन कंपन्या, दोन दिशा, दोघींचं लक्ष बंदराकडे. बोरिवलीच्या माणसाला मुलुंडला जावंसं वाटेल, हा विचार दोघींपैकी कुणी करावा असं काही कारणच नव्हतं, कारण तेव्हा ही सगळी खेडी होती. भातशेती, मिठागरं, कोळीवाडे, गावठाणं. मुंबई शहराची हद्द फार खाली, माहीम आणि शीवला संपत होती. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. म्हणजे शहर आलं रुळांच्या मागून, शंभर वर्षांनी, आणि रुळांनी आखून दिलेल्या दोन पट्ट्यांतच वसलं. त्या पट्ट्या दादरला एकमेकींजवळ येतात. म्हणून दादरच्या पुलावर सगळी मुंबई भेटते.

पूर्वी गावाकडून मुंबईत येणाऱ्याला जागा निवडावीच लागत नसे. त्याचं गाव ती निवडून ठेवत असे. गिरणगावातल्या चाळींत एकेका गावाच्या खोल्या असत. रत्नागिरीतल्या अमुक गावचा पोरगा वळकटी घेऊन आला की थेट त्या खोलीवर जायचा, पाळीपाळीने झोपायचा, खाणावळीत जेवायचा. गोव्याच्या माणसांचे कूड होते, धोबीतलाव-माझगाव भागात. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी आपल्या गावच्या कूडात उतरे. पुढाऱ्यांना क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह; लोकमान्य टिळक तिथे उतरत आणि १ ऑगस्ट १९२० ला तिथेच गेले. आणि ज्याचं कुणीच नाही त्याची सोय गाडगेबाबांनी केली. दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचाराला आलेल्यांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. या संस्थेविषयी मला फार आदर आहे. मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्यांत हौसेने येणारे किती आणि आजारपणाने येणारे किती, हे त्या रुग्णालयाबाहेर, परळच्या फुटपाथवर एकदा उभं राहिलं की समजतं.

या सगळ्या जागा दक्षिणेला होत्या, कारण काम दक्षिणेला होतं. आता काम उत्तरेला सरकलं आहे. विमानतळ सांताक्रूझ-सहारला, कचेऱ्या मरोळ, सीप्झ आणि वांद्रे-कुर्ला संकुलात, चित्रनगरी गोरेगावला, आयआयटी पवईला. म्हणून पहिल्यांदा येणारा आता उपनगरात उतरतो, आणि त्याला गावाने खोली ठरवून दिलेली नसते.

मग निवडायचं कसं? माझं ठाम मत असं, की हॉटेल शोधण्याआधी स्टेशन शोधावं आणि स्टेशनाआधी आपलं काम. समजा साताऱ्याहून कुणी मुलीच्या प्रवेशासाठी पवईला येत आहे. नकाशात पवई अंधेरीलाही जवळ दिसते आणि घाटकोपरलाही. पण आयआयटीला सगळ्यात जवळचं स्टेशन कांजूरमार्ग, आणि ते मध्य रेल्वेवर आहे. अंधेरीहून जायचं तर जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या गर्दीत सकाळ जाते. मुलुंडला किंवा घाटकोपरला उतरलेला माणूस धीम्या गाडीने कांजूरला येतो आणि तिथून रिक्षा करतो. टाटा रुग्णालय परळला, तेही मध्य रेल्वेवर. उलट अंधेरी पश्चिमेच्या कोकिलाबेन रुग्णालयात कुणाला भेटायचं असेल, तर बोरिवलीहूनसुद्धा सोपं, कारण आता मेट्रो आहे.

गावाकडून येणारी वाटही लक्षात घ्यावी. नाशिक, जळगाव, नागपूरच्या गाड्या ठाणे-दादर मार्गाने येतात. विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरलात तर मुलुंड हे लगेच पुढचं स्टेशन. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्याला घाटकोपर जवळ. एसटीने कुर्ला-नेहरूनगरला आलात तरी तेच. गुजरातकडून, डहाणू-पालघरकडून येणाऱ्याला बोरिवली सोयीची. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे थांबतात आणि एसटीही तिथून सुटते.

स्टेशन ठरलं की बाजू. पूर्व की पश्चिम? मुंबईकर पत्ता विचारताना हा प्रश्न इतक्या सहज विचारतो की नव्या माणसाला तो बिनमहत्त्वाचा वाटतो. पण रूळ म्हणजे नदी आहे, आणि तिच्यावर पूल मोजके. अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ च्या सकाळी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीला बंद झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली आणि सगळा पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. या काळात अंधेरीच्या पूर्वेकडून पश्चिमेला जाणं म्हणजे काय होतं, ते तिथल्या रिक्षावाल्यांना विचारावं. दुसरी वाट होती सब-वेची, आणि तो जोराच्या पावसात भरतो. म्हणून काम पश्चिमेला असेल तर खोली पश्चिमेलाच घ्यावी. शंभर रुपये वाचतात म्हणून रूळ ओलांडू नयेत.

‘अंधेरी पूर्व’ या पत्त्यावरही लगेच भुलू नये. चकाला, मरोळ, सहार, महाकाली, सीप्झ, सगळं अंधेरी पूर्वच. त्यातलं काही स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर, काही चार-पाच किलोमीटर आत. जाहिरातीत ‘स्टेशनजवळ’ लिहिलेलं असतं. फोन करून विचारावं: चालत किती मिनिटं? ‘रिक्षाने पाच मिनिटं’ असं उत्तर आलं, तर ती पाच मिनिटं रात्री अकराची आहेत, सकाळी नऊची नव्हेत, हे समजून घ्यावं. आणि रिक्षा फक्त उपनगरात. माहीम आणि शीवच्या पलीकडे, शहरात, रिक्षेला मुभा नाही, तिथे टॅक्सी. जुन्या मुंबईची सीमा वाहतुकीच्या नियमात अशी अजून जिवंत आहे, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

आता या गोष्टीतला सगळ्यात आनंदाचा भाग.

अंधेरी आणि घाटकोपर ही दोन स्टेशनं डोंगराच्या दक्षिण टोकाशी, एकमेकांपासून आठेक किलोमीटरवर. एक पश्चिम रेल्वेवर, एक मध्य रेल्वेवर. जवळपास दीडशे वर्षं यांना जोडणारी गाडी नव्हती. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर बेस्टची ३४० नंबरची बस होती, आणि साकीनाक्याला ती अडली की तास-दीड तास कुठे गेला कळत नसे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, सुमारे एकवीस मिनिटं. मुंबईच्या रेल्वेचा सगळा इतिहास उत्तर-दक्षिण. त्याला आडवी गेलेली ही पहिली मेट्रो.

पहिल्यांदा आलेल्याने हा प्रवास काम नसतानाही करावा. अंधेरीला मेट्रो पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाते, खाली विरार लोकल सरकत असते. लगेच पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा दोरखंडांनी तोललेला पूल येतो. मग चकाला, मरोळ नाका; दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या उंचीवरून गाडी जाते, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे आणि शिवणयंत्रं हाताच्या अंतरावर. साकीनाका सोडला की असल्फ्याची टेकडी. घरावर घर, घरावर घर, वरपर्यंत चढत गेलेली वस्ती, आणि तिच्या भिंती गुलाबी, निळ्या, पिवळ्या रंगवलेल्या. डोंगराचं दक्षिण टोक माणसांनी असं भरून काढलं आहे. पुढे जागृतीनगर, आणि घाटकोपर. जिना उतरलात की मध्य रेल्वेच्या फलाटावर.

या एका मार्गाने घाटकोपरची किंमत बदलली. तिथे मध्य रेल्वेच्या बऱ्याच जलद गाड्या थांबतात, मेट्रो तिथूनच सुटते, पूर्व द्रुतगती महामार्ग शेजारून जातो. पहिल्यांदा येणारे लोक अंधेरीचं नाव ऐकून असतात, घाटकोपरचं नाव त्यांच्या यादीत नसतं. माझ्या मते ते पहिल्या तिनांत असायला हवं. संध्याकाळी तिथल्या खाऊगल्लीत डोशांच्या तव्यांसमोर उभं राहिलं की जेवणाचीही चिंता मिटते. एकच सांगून ठेवतो: सकाळी-संध्याकाळी मेट्रो आणि लोकल यांच्यामधल्या जिन्यांवर प्रचंड गर्दी असते. बॅगा, म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर ती वेळ टाळावी.

अंधेरीचं बळ आणखी वेगळं. पश्चिम रेल्वेची जलद गाडी तिथे थांबते, हार्बर मार्गाची गाडी तिथून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आणि पनवेललाही जाते. आणि २०२४-२५ मध्ये मरोळ नाक्याच्या पोटात दुसरं आश्चर्य घडलं. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो टप्प्याटप्प्याने उघडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती शेवटापर्यंत गेली. विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, हुतात्मा चौक, सगळी तिच्यावरची स्टेशनं. मरोळ नाक्याला ही मेट्रो आणि घाटकोपरची मेट्रो एकमेकींना भेटतात. व्हिसाच्या मुलाखतीला वांद्रे-कुर्ला संकुलात यायचं असेल, पहाटेचं विमान असेल, नाहीतर आईला सिद्धिविनायकाचं दर्शन घडवायचं असेल, तर मरोळ नाक्यापासून चालत जाता येईल अशी खोली मी आज सगळ्यात आधी शोधेन. दहा वर्षांपूर्वी हा सल्ला कुणी दिला असता तर मीच त्याला थांबवलं असतं. विमानाने येणाऱ्याने तिकिटावर विमानतळाचं नाव मात्र पाहावं. आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे आणि तो यापैकी कशाच्याच जवळ नाही.

बोरिवली लांब, पण तिचा एक मोठा फायदा: बऱ्याच जलद गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. गाडी पकडताना सूचनाफलकावरचं शेवटचं स्टेशन वाचावं. परतताना बोरिवलीला उतरायचं आणि चढलात विरार फास्टमध्ये, तर गर्दीच्या वेळी दारापर्यंत पोचणंही कठीण. बोरिवली लोकल शोधावी. थोडं थांबावं लागलं तरी चालेल. दहिसरहून अंधेरीला येणाऱ्या दोन मेट्रोही आता आहेत, एक पश्चिमेकडून, एक महामार्गावरून. मुलुंड शांत, रस्ते सरळ, डोंगर खिडकीतून दिसतो. ठाण्यात किंवा पवईत काम असणाऱ्याला उत्तम, अंधेरीत काम असणाऱ्याला नको. जंगलाखालून गोरेगाव-मुलुंड आणि ठाणे-बोरिवली असे बोगदे खणायचं काम चालू आहे. ते होईपर्यंत हे असंच.

लोकल रात्री एकच्या सुमाराला थांबते आणि पहाटे चारच्या सुमाराला पुन्हा सुरू होते. मेट्रो त्याआधीच बंद होते. रविवारी कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असतो, म्हणून रविवारी परीक्षा असेल तर शनिवारच्या पेपरातली बातमी पाहून ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर खोली ठरवताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: रस्त्यावर पाणी भरतं का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि त्या भागातल्या जुन्या माणसांना कुठली गल्ली कुठवर बुडाली हे अजून सांगता येतं.

काम संपून एखादी संध्याकाळ हातात राहिली, तर मुलुंडला कालिदास, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे आणि पार्ल्याला दीनानाथ ही नाट्यगृहं आहेत. गावात येईल तेव्हा पाहू म्हणून राहून गेलेलं नाटक तिथे सापडू शकतं. सकाळ मोकळी असेल तर कान्हेरी. उद्यानाचं दार बोरिवली पूर्वेला, स्टेशनापासून चालत जाण्याजोगं; लेणी तिथून आत सहा किलोमीटर. पाण्याची बाटली घ्या, ऊन चढायच्या आत वर पोचा, आणि सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी उद्यान बंद असतं.